ओ द्यायची नाही

१

शनिवारी दुपारी चॅपेलच्या मागच्या खोलीत एर्मिनिया वस्तीतल्या लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायची. खोली कालव्याला लागून होती. ओल चढून भिंतींच्या चुन्याला कमरेपर्यंत पोपडे आले होते, आणि खिडकी उघडी ठेवली की जलपर्णीचा कुजका, गोडसर वास पार मागच्या बाकापर्यंत यायचा. आधी प्रार्थना, मग दहा आज्ञा, मग संतांची नावं. मुलं हे सगळं निमूटपणे उरकून घ्यायची, कारण शेवटी काय मिळणार ते त्यांना ठाऊक असायचं. एर्मिनिया पुस्तक मिटायची, खिडकी लोटून घ्यायची आणि रडणारीची गोष्ट सांगायची.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एक देखणी बाई असते. नवरा तिला टाकून शहरातल्या दुसरीकडे जातो. ती संतापाच्या भरात आपली लेकरं नदीवर नेते आणि पाण्यात दाबून धरते. लेकरांची धडपड थांबते तेव्हा तिला भान येतं. तेव्हापासून ती पांढऱ्या कपड्यांत पाण्याकाठानं हिंडते, ‘माझी लेकरं, माझी लेकरं’ म्हणून रडते, आणि जे मूल हाताला लागेल ते आपलंच समजून घेऊन जाते. गोष्ट संपली की एर्मिनिया शिकवण घोटून घ्यायची. पाण्याकडे एकट्यानं जायचं नाही. अंधार पडायच्या आत घरी यायचं. आणि रडणं ऐकू आलं तर वळून बघायचं नाही, ओ द्यायची नाही. दार लावून घ्यायचं, कानांत बोटं घालायची आणि ‘नमो मारिया’ म्हणत बसायचं.

ती हे गंमत म्हणून सांगत नव्हती. त्या वस्तीत प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी पाणी होतं. शेतं पाण्यात, शेताकडे जायची वाट पाण्यातून, आणि काही वर्षं गेली की एखादं पोर पाण्यात जायचंच. एर्मिनिया शिकवायला लागल्यापासून एकही गेलं नव्हतं. आया तिला रस्त्यात थांबवून तसं बोलून दाखवायच्या. तिची धाकटी बहीण देल्फिना मात्र चिडवायची. एर्मिनियानं लग्न केलं नव्हतं, ती देल्फिनाच्याच घरी राहायची. देल्फिना म्हणायची, “ताई, तुझ्या गोष्टीपायी माझ्या पोरींना संडासाला जायलासुद्धा सोबत लागते. एखाद्या दिवशी त्या रडणारीलाच बोलव सोबतीला.”

त्या शनिवारी गोष्ट संपल्यावर देल्फिनाची थोरली ओफेलिया उभी राहिली. वय आठ, स्वभाव खोदून खोदून विचारणारा. तिनं विचारलं, रडणारीचा आवाज आपल्या आईसारखा असला तर?

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण सांगणाऱ्याला अशा वेळी उत्तर आपोआप सुचतं.

“असणारच,” एर्मिनिया म्हणाली. “ती आईच्याच आवाजात हाक मारते. नाव घेऊन मारते. म्हणून तर पोरं फसतात.”

खोलीत इतकी शांतता पसरली की बाहेर होडीच्या कडेला लागणारं पाणी ऐकू येऊ लागलं. एर्मिनियाला ती शांतता आवडली.

“मग खरी आई कशी ओळखायची?” ओफेलियानं विचारलं.

“खरी आई रडते का कधी? खरी आई रागावते.”

मुलं खदखदून हसली. ओफेलिया हसली नाही. तिनं मान डोलावली आणि खाली बसली.

२

देल्फिनाचं घर कालव्याच्या टोकाला होतं. पुढे रस्ता, मध्ये पत्र्याच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. तिथे खुंटाला होडी बांधलेली असायची. नवरा नाबोर ट्रकमधून भाजी शहराच्या बाजारात न्यायचा आणि बरेच दिवस घराबाहेर असायचा. शेत देल्फिनाच बघायची. सकाळी लांब काठीनं होडी ढकलत ती वाळुंजाच्या झाडांच्या रांगांमधून दिसेनाशी व्हायची आणि दुपार कलली की लाल मुळ्यांच्या जुड्या घेऊन परत यायची. पोरी पायऱ्यांवर तिची वाट बघायच्या. आली की आधी ती दोघींना ओरडायची, पायात चप्पल का नाही म्हणून, नाक का वाहतंय म्हणून. मग धाकट्या चायोला उचलून घ्यायची. चायो गुबगुबीत होती. देल्फिना तिला ढबू म्हणायची. हे नाव देल्फिनाशिवाय कुणी घेत नसे, घेतलं तर चायो चिडायची.

फेब्रुवारी लागायला आला होता. बाळ येशूच्या मूर्तींना नवे कपडे चढवायचा सण तोंडावर होता आणि आख्खी वस्ती चॅपेलकडे जमली होती. एर्मिनियाही दुपारपासून तिथेच झालरी शिवत बसली होती. दिवसभर धुकं हटलं नव्हतं. ती घरी निघाली तेव्हा उजेड होता, पण कुणीतरी वरून ओला कपडा टाकावा तसा.

पुढच्या दारातूनच तिला घेवडा जळल्याचा वास आला. स्वयंपाकघरात चुलीवरचं भांडं कोरडं पडून काळं झालं होतं. मागचं दार लावलेलं होतं. नुसतं लोटलेलं नाही. कडी लावलेली आणि वर लाकडी स्टूल टेकवलेलं. टेबलाखाली दोघी पोरी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. ओफेलियानं आपले दंड स्वतःच्या कानांवर दाबले होते आणि दोन्ही तळहात चायोच्या कानांवर. तिचे ओठ हलत होते. नमो मारिया, नमो मारिया.

एर्मिनियानं खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली नाही. डोळे उघडून तिनं आधी मावशीचा चेहरा नीट पाहून घेतला.

“मावशी, ती आली होती,” ती म्हणाली. “आम्ही ओ दिली नाही.”

“शाबास,” एर्मिनिया म्हणाली. तिला हसू आलं होतं.

“चायो जायला निघाली होती. मी तिला धरलं. तिला ढबू माहीत होतं, मावशी. ढबू ये, ओफेलिया ये, असं म्हणत होती. अगदी आईसारखं. पण रागावली नाही. नुसती रडत होती. म्हणून मी ओळखलं.”

एर्मिनियाचा हात ओफेलियाच्या खांद्यावरच राहिला. आई कुठे आहे, असं तिनं विचारलं. शेतावर, ओफेलिया म्हणाली, अजून आली नाही.

स्टूल बाजूला करायला एर्मिनियाला फार वेळ लागला. कडी काढायला त्याहून जास्त. बाहेर होडी उलटी झालेली होती आणि तिच्याभोवती मुळे तरंगत होते, लालचुटूक, स्वच्छ धुतलेले. देल्फिना खालच्या पायरीपासून हाताच्या अंतरावर होती. एक पाय खुंटाच्या दोराला आणि गाळाला अडकलेला, वर होडीचं वजन. एक हात पायरीकडे लांब केलेला. पाणी तिथे छातीइतकंच होतं, पण बर्फासारखं गार होतं.

पायरीच्या दगडावरचं शेवाळ नखांनी खरवडलेलं होतं.

३

नाबोर दुसऱ्या दिवशी आला. सुजलेल्या डोळ्यांनी त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. ती ओरडली असेल ना? पोरी घरात होत्या, त्यांना काही ऐकू आलं नाही?

झोपल्या होत्या, एर्मिनियानं सांगितलं.

हे खोटं तिनं ठरवून सांगितलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मग तिथेच राहिलं. नाबोरला तेवढ्यानं थोडं बरं वाटलेलं तिनं पाहिलं, मग ते परत घेण्याची हिंमत झाली नाही. पण ओफेलियाचं तोंड कोण बंद करणार? तिला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. मयताच्या जपमाळेला आलेल्या बायकांना तिनं सगळं सरळ सांगून टाकलं: आधी रडणारी आमच्याकडे आली, आम्ही ओ दिली नाही, म्हणून मग तिनं आईला नेलं.

बायकांनी क्रूसाची खूण केली आणि पोरींना छातीशी धरलं. काय घडलं असेल ते त्यांच्यातल्या एकीच्या तरी मनात आलं असेलच. पण ते मनात येऊ देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शेजारची म्हातारी तोमासा आजी तर ओफेलियाला मध्ये बसवून घ्यायची, आपल्या नातवंडांना समोर बसवायची आणि म्हणायची, सांग गं, तू काय केलंस. ओफेलिया सांगायची. दार कसं लावलं, स्टूल कसं टेकवलं, कान कसे झाकले. नातवंडं डोळे विस्फारून ऐकायची. आजी म्हणायची, बघा, शहाणी पोर अशी असते.

पाहता पाहता रडणारीची गोष्ट बदलली. आता तिला शेवट आला होता, आणि त्या शेवटात खऱ्या नावाच्या खऱ्या मुली होत्या. एर्मिनियानं शनिवारचा वर्ग घेणं थांबवलं, तर आयांनी घरी येऊन विनवलं. तुम्हीच सांगा, ताई. तुमच्या शिकवणीनंच पोरी वाचल्या.

नाबोरच्या कानावरही हे गेलं. त्यानं एर्मिनियाकडे पाहिलं. झोपल्या होत्या म्हणालीस ना, असं तो विचारेल म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. पण त्यानं उठून ट्रकचं इंजिन उघडलं आणि दिवस मावळेपर्यंत त्यात डोकं घालून बसला.

४

रडणं पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा एर्मिनिया भांडी घासत होती. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, पोरी शाळेत. कालव्याच्या पलीकडून, वाळुंजांच्याही पलीकडून, एक लांब आवाज आला आणि पत्र्याच्या छपरावर आपटला. इतका मोठा की तिच्या हातातली ताटली निसटली.

तिनं स्वतःला समजावलं, पंप असेल. उन्हाळा जवळ आला की शेतांतले पंप असेच घरघरतात. मग आठवलं की पलीकडचा पंप जळून गेलाय आणि तो उचलून दुरुस्तीला नेलाय. मग बगळा. मग एखादी गाय, व्यायला झालेली. रोज त्याच सुमाराला आवाज यायचा आणि रोज तिच्याकडे एक नवं कारण तयार असायचं. एकदा नाबोर घरी असताना तो आला. नाबोर समोर बसून मक्याच्या तोर्तियात घेवडा गुंडाळून खात होता. तो आवाज खिडकीची काच थरथरवून गेला, निदान तिला तरी ती थरथरताना दिसली. नाबोरनं दुसरी तोर्तिया उचलली.

काही ऐकू आलं का, असं तिनं विचारलं. नाबोर घास थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, नळ गळतोय, वायसर बदलायला हवा.

पहिले काही दिवस त्या रडण्यात शब्द नव्हते. नंतर होते. तिला ते ऐकायचे नव्हते, म्हणून तिनं रेडिओ लावायला सुरुवात केली. पण रेडिओवरचं गाणं आणि तो आवाज एकमेकांत मिसळत नसत. पाण्यावर तेल राहावं तसा तो आवाज गाण्याच्या वर राही.

कानांत बोटं घालून बघायचं तिच्या मनात आलं. हात अर्ध्यावर गेले, आणि ती ते धरून तशीच उभी राहिली. ते मात्र तिच्यानं होईना.

५

लेंटचा, उपासाचा काळ संपत आला तसं रडणं कमी झालं. आधी छपरावर आपटणारा आवाज मग नुसता खिडकीशी यायचा. नंतर तो ऐकण्यासाठी भांडी खाली ठेवावी लागायची. एर्मिनियाला पुन्हा भूक लागू लागली. तिनं देल्फिनाचे कपडे धुऊन पेटीत भरले. माणसाचं दुःख असंच असतं, ती स्वतःशी म्हणाली. डोक्यात शिरतं, ओरडतं आणि मग थकून जातं.

कपडे धुण्याच्या दगडावर तोमासा आजी भेटली तेव्हा तिनं विषय काढला, पण आडवळणानं. एका ओळखीच्या बाईला म्हणे मयतानंतर रडणं ऐकू यायचं, मोठ्यानं. आता बरंच कमी झालंय.

आजीचा हात साबणावर थांबला.

“कमी झालंय?” ती म्हणाली. “अगं, जोरात ऐकू येतं तेव्हा ती लांब असते. हळू झालं की जवळ आलेली असते. इतकी वर्षं पोरांना गोष्ट सांगतेस, एवढं माहीत नाही तुला?”

माहीत होतं. लहानपणी तिनंही ऐकलं होतं. लहान मुलांचा गोंधळ होतो म्हणून वर्गात ती तेवढं गाळायची.

आजीनं मग तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या तुझ्या ओळखीच्या बाईला सांग, ती म्हणाली, चॅपेलमध्ये एक मेणबत्ती लावायला. आणि आपलं धुणं अर्धवट पिळून, बादली उचलून निघून गेली. जाताना तिनं नातवंडांना हाक मारली आणि त्यांना हाताला धरून नेलं.

त्या दुपारी एर्मिनिया स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून ऐकत राहिली. रडणं होतं. मागच्या दारापलीकडे नव्हतं. ते कुठे आहे हे सांगता येईना, इतकं ते बारीक होतं. पातेल्यावरच्या झाकणाखाली वाफ कुजबुजावी तेवढंच. ती भिंतीपाशी गेली, कपाटापाशी गेली, पोरींच्या खाटेपाशी गेली. सगळीकडे ते तेवढंच होतं. खाटेखालची जमीन ओली होती. छप्पर गळत नव्हतं आणि पाऊस आला नव्हता. तिनं फडकं आणून ती पुसली. बोटांना गाळ लागला.

६

इकडे पोरींचं काहीतरी बिघडत चाललं होतं, आणि ते सगळ्यांना दिसणारं होतं. त्या फार शहाण्यासारख्या वागू लागल्या होत्या. सांगितलेलं सगळं करायच्या. फक्त बाहेरून हाक मारली की ओ द्यायच्या नाहीत. शाळेच्या फाटकातून बाई हाका मारायच्या, या दोघी चालत राहायच्या. नाबोर अंगणातून ओरडायचा, आतून चिटपाखरू बोलायचं नाही. समोर येऊन उभं राहिलं तरी ओफेलिया आधी विचारायची, “रागावून दाखवा.” नाबोरला पहिल्यांदा त्याचं हसू आलं. दुसऱ्यांदा तो खरंच रागावला. तेव्हा ओफेलियाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की तो घराबाहेर जाऊन उभा राहिला.

मे महिन्यात एका सकाळी चायो दिसेना. एर्मिनियानं पुढे पाहिलं, मागे पाहिलं, हाका मारल्या. घशाला कोरड पडेपर्यंत मारल्या. वस्तीतली माणसं धावली, कुणी होड्या काढल्या, कुणी जलपर्णीत बांबू खुपसून पाहू लागलं. चायो सापडली ती मागच्या पायऱ्यांच्या कडेला, नेचाच्या झुडपात. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, दोन्ही कानांत बोटं, डोळे मिटलेले. एवढा वेळ ती तिथेच होती. सगळ्यांच्या हाका तिनं ऐकल्या होत्या आणि जेवढ्या जास्त ऐकल्या तेवढी ती आत आत सरकत पाण्याकडे गेली होती.

“तू रडत होतीस,” ती एर्मिनियाला म्हणाली. तक्रार नव्हती, ओळखलं एवढंच सांगत होती.

तेव्हा एर्मिनियानं ठरवलं की आता खरं सांगायचं. चायोचं वय ते पेलण्याचं नव्हतं. पण ओफेलियाला कळलं पाहिजे की ती रडणारी नव्हती, ती आई होती. आयासुद्धा रडतात, अडकल्या तर मदतीला बोलावतात, आणि तेव्हा दार उघडायचं असतं. ओफेलियाची त्यात काही चूक नाही. चूक शिकवणारीची आहे. हे सांगितल्यावर पोर तिचा तिरस्कार करेल. करू दे, तिला वाटलं. निदान हाकेला ओ तरी देईल.

आणि कुठेतरी मनात हेही होतं की एकदा हे बोलून टाकलं की पोरींच्या खोलीत जे काही येऊन थांबलंय ते परत जाईल.

७

रविवारी नाबोर चायोला घेऊन जत्रेला गेला. ओफेलियाचं डोकं दुखत होतं म्हणून ती घरी राहिली. एर्मिनियानं टेबलावर मटाराच्या शेंगा ओतल्या आणि दोघी समोरासमोर बसून सोलू लागल्या. ओफेलियाच्या पाठीमागे आतल्या खोलीचं दार होतं. त्याला दार असं नव्हतंच, फुलाफुलांचा पडदा होता. दुपार शांत होती. आणि सोलता सोलता एर्मिनियाच्या लक्षात आलं की आज ती खरोखरच शांत आहे. रडणं नव्हतं. कान देऊन ऐकलं तरी नव्हतं. नळाचा थेंब नव्हता, बाहेर पाण्याचाही आवाज नव्हता.

आजी काय म्हणाली होती ते तिनं मनातून दूर लोटलं.

“ओफेलिया,” ती म्हणाली, “त्या दिवशी मागच्या दाराशी कोण आलं होतं ते मला तुला सांगायचंय.”

ओफेलियानं मान वर केली. पडदा तिच्या डोक्यामागे किंचित आत ओढला गेला, जणू खोलीनंच श्वास घेतला. मग त्याच्या कडेनं, मुलीच्या दोन्ही बाजूंनी, दोन हात पुढे आले.

एर्मिनियानं ते ओळखले. सुजून पांढरे पडलेले होते, नखांत शेवाळ होतं आणि काही नखं मुळातून तुटलेली होती, तरी ओळखले. ते घाईत नव्हते. सणाला चॅपेलसमोर दारूकाम सुरू व्हायचं तेव्हा देल्फिना पोरींच्या मागे उभी राहून त्यांचे कान झाकायची तसेच ते हात पुढे आले आणि ओफेलियाच्या कानांवर अलगद टेकले. केसाची बट मध्ये येत होती ती एका बोटानं बाजूला सारली.

मनगटांच्या वर पडद्याची सावली होती. एर्मिनियानं नजर त्याहून वर नेली नाही.

तिला थांबता आलं असतं. पण वाक्य सुरू झालं होतं आणि तिला वाटलं, आता गप्प बसले तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही. ती बोलत राहिली. ती तुझी आई होती. ती अडकली होती. ती तुम्हाला हाका मारत होती. तुला तिचा आवाज ओळखू आला होता, आणि मी तुला त्याच्यावर विश्वास ठेवू नको असं शिकवलं होतं. मी ते त्याच क्षणी रचलं होतं, ओफेलिया, गोष्टीत तसं कुठेही नाही. तिनं सगळं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं.

ओफेलिया एक शेंग सोलून दाणे वाडग्यात टाकत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“मावशी,” ती म्हणाली, “नुसते ओठ काय हलवतेस?”

पडदा सरळ लोंबत होता. फ्रॉकच्या गळ्याभोवती, दोन्ही खांद्यांवर, पाण्याचे गोल डाग पडले होते आणि हळूहळू खाली पसरत होते.

८

डॉक्टरनं ओफेलियाचे कान तपासले आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं. दोष नव्हताच. तिला सगळं ऐकू येत होतं. कुत्री, शाळेची घंटा, रेडिओ, वाफाळते तमाले विकत रस्त्यावरून ओरडत जाणारा फेरीवाला. बापानं अंगणातून हाक मारली की ती आता ताडकन ओ देऊ लागली, एका हाकेत. रागावून दाखवा म्हणणं बंद झालं. घरात पुन्हा आवाज सुरू झाले. फक्त एर्मिनियाचा आवाज तिला ऐकू येत नसे. जवळून बोललं, मोठ्यानं बोललं, कानाशी तोंड नेऊन बोललं, तरी ती मावशीच्या ओठांकडे बघत राहायची आणि मग अवघडून हसायची.

नाबोरला ते हट्टाचं वाटलं. पोर आईवेगळी झाली, कुणावर तरी राग काढणार, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. चायोनं मधलं काम अंगावर घेतलं. ताई, मावशी जेवायला बोलावतेय. ताई, मावशी म्हणतेय अंघोळ कर. वस्तीत वेगळंच बोललं जाऊ लागलं आणि एर्मिनियाला पुन्हा कुणी वर्गाला बोलावलं नाही. शनिवारी चॅपेलमागच्या खोलीत आता दुसरी मुलगी शिकवते. रडणारीची गोष्टही तीच सांगते, नव्या शेवटासकट.

रडणं मात्र परत आलं नाही. लांबूनही नाही, जवळूनही नाही. दुपारी भांडी घासता घासता एर्मिनिया कधी कधी नळ बंद करून वाट बघते. कालवा गप्प असतो. आपल्याला कुणी काही म्हणेल, निदान रागावेल, असं तिला अजून वाटतं.

संध्याकाळी ओफेलिया टेबलाशी अभ्यासाला बसते. एर्मिनिया तिच्या मागे उभी राहून तिची वेणी घालते आणि बोलते. ती आई होती. ती तुम्हाला बोलावत होती. सगळं सांगते, पहिल्यापासून, पायरीवरच्या शेवाळापर्यंत. ओफेलिया पेन्सिलीचं टोक चावत गणितं सोडवत राहते, मध्येच कुठलं तरी गाणं गुणगुणते.

चायो घरात असली की एर्मिनिया तोंड उघडत नाही. धाकटीच्या कानांवर आता कुणाचे हात नाहीत.